दुष्काळात देव कुठे असतो?

मनमाड जंक्शनवरून दौंडकडे जाणारा रेल्वेमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. नगर-पुण्याकडे जाणारे हजारो प्रवासी आज त्यावरून ये-जा करतात, पण या मार्गाच्या भरावाची माती कोणी वाहिली हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात सरकारने जी दुष्काळी कामं काढली, त्यांपैकी हे एक. गावं सोडून निघालेली, हाडांची काडं झालेली माणसं डोक्यावर पाट्या घेऊन इथे राबली. दुष्काळी कामांवरची मजुरी किती खाली आणता येईल, याचा हिशेब तेव्हा ब्रिटिश सरकारचे वरिष्ठ अधिकारी सर रिचर्ड टेम्पल करत होते. दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यात कष्टकरी माणूस जगू शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडून निषेध केला, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलून धरली. तरी हिंदुस्थानभरात पन्नास लाखांहून अधिक माणसं गेली.

अशा वेळी देव कुठे होता?

हा प्रश्न कुठल्याही धर्मातला माणूस विचारतो. ख्रिस्ती माणसाला तो जास्त बोचतो, कारण त्याच्या श्रद्धेत देव नुसता सर्वसमर्थ नाही, तो बाप आहे आणि प्रेमळ बाप आहे. बापाच्या हातात सगळं असताना लेकरू उपाशी का मरतं? जगभरच्या ख्रिस्ती विचारवंतांनी यावर शेकडो ग्रंथ लिहिले. महाराष्ट्रात मात्र या प्रश्नाशी सर्वांत खरी झुंज दिली ती भूक भोगलेल्या एका बाईने.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान, पण घरदार सोडून तीर्थयात्रा करणारे. पुराण सांगायचं, मिळेल त्यावर गुजराण करायची, जवळ असेल ते दानधर्मात द्यायचं, असं त्या कुटुंबाचं जगणं होतं. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाने गाठलं तेव्हा जवळचं सगळं संपलेलं होतं. उपास झाले, व्रतं झाली, देवांना साकडं घालून झालं. शेवटी वडिलांनी पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यायचं ठरवलं. मुलाने मजुरी करायची तयारी दाखवली म्हणून ते थांबले, पण थोड्याच दिवसांत गेले. मागोमाग आई. आईसाठी भाकरीचा तुकडा मागायला रमाबाई एका घरी गेल्या, तर लाजेने तोंडातून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईने न मागता भाकरी दिली. ती घेऊन त्या परतल्या, पण आईला घास गिळण्याचंही बळ उरलं नव्हतं. मोठी बहीणही गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, १८८२ मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी पटकीने गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाईंच्या पदरात एक तान्ही मुलगी तेवढी उरली होती. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

एवढं भोगलेल्या बाईला प्रेमळ देवाचा संदेश पटला कसा, हे समजून घ्यायला बायबलमध्ये डोकवावं लागतं.

जुन्या करारात ईयोबाचं पुस्तक आहे. नीतिमान ईयोबाची गुरंढोरं जातात, मुलं जातात, अंगभर गळवं उठतात. समाचाराला आलेले मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. नंतर तोंड उघडतात आणि तिथेच चुकतात. तुझ्या हातून काही तरी पाप घडलं असणार, त्याशिवाय देव असा मारत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. ईयोब तो मानत नाही, उलट देवालाच जाब विचारतो. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो देवाची वकिली करणाऱ्या मित्रांवर. ईयोबाचं बोलणं त्याला मान्य होतं. त्याच्या ‘का’ला मात्र देव उत्तर देत नाही.

नव्या करारातही हेच सूत्र पुढे येतं. जन्मांध माणूस पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू दोन्ही नाकारतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती, त्यांच्याबद्दलही तो सांगतो की ती इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती. आपल्याकडे दुखणाईताच्या उशाशी बसून पूर्वजन्मीचे भोग काढणारे असतात. ख्रिस्ती घरांतही ‘देवाने शिक्षा केली’ असं सहज बोललं जातं. असं बोलणाऱ्याने योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय पुन्हा वाचावा. दुःखात असलेल्याच्या माथी अपराधाचं ओझं घालण्याचा अधिकार ख्रिस्ती श्रद्धा कोणालाही देत नाही.

मग दुःख येतं कुठून? सर्वांत जुनं उत्तर माणसाच्या स्वातंत्र्याचं आहे. देवाने माणसाला निवड करण्याची मोकळीक दिली, कारण सक्तीचं प्रेम हे प्रेमच नव्हे आणि त्या मोकळिकीत क्रौर्याचीही शक्यता आली. पाचव्या शतकाच्या उंबरठ्यावर संत ऑगस्टीनने हा विचार नीट मांडला. महादुष्काळाला तो चपखल लागू पडतो. पाऊस पडला नाही हे खरं, पण त्याच काळात देशातून धान्याची निर्यात चालू होती. दुष्काळात माणसं मरतात ती बहुधा धान्य नसल्यामुळे नव्हे, ते विकत घेण्याची ताकद संपल्यामुळे, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात दाखवलं. आज मनमाडला अन्न महामंडळाची प्रचंड गोदामं आहेत आणि त्याच शहरात उन्हाळ्यात नळाच्या पाण्यासाठी कित्येक दिवस वाट पाहावी लागत आली आहे. टंचाईतला आभाळाचा वाटा किती आणि माणसांच्या कारभाराचा किती, हे तिथल्या कुठल्याही गृहिणीला विचारावं.

ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता पिढ्यान्‌पिढ्या शाळेत पाठ केली गेली. जखमी पक्षीण पिलांकडे परतते, एवढाच प्रसंग. त्या निष्पाप जिवाच्या मरणाचा दोष कवी देवावर ढकलत नाही. दोषी आहे तो माणूस.

पण भूकंपाचं काय? १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लिस्बनची चर्च भरलेली असताना धरणी हादरली आणि हजारो भाविक गाडले गेले. हे जग शक्य असलेल्या जगांत सर्वोत्तम आहे, हा लायब्निट्झचा सिद्धान्त व्हॉल्टेअरने त्यानंतर पार झोडपून काढला. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे दहा हजार माणसं गेली, गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. इथे कोणाची निवड चुकली? दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि मातीच्या छपरांनी बळी वाढवले हे खरं, पण जमीन माणसाने हलवली नव्हती.

यावर एक जुनी मांडणी संत इरेनियसकडून आली आणि जॉन हिक यांनी १९६६ मध्ये ती नव्याने मांडली. जग ही आत्मा घडवण्याची जागा आहे, धोका आणि वेदना नसतील तर धैर्य, करुणा, सहनशीलता यांना अर्थच राहणार नाही. विचार म्हणून हे बळकट आहे. तरी पाळण्यातलं मूल ढिगाऱ्याखाली गेलं, तर त्याचा आत्मा कशाने घडला? हा युक्तिवाद वर्गात टिकतो, लेकरू गमावलेल्या आईसमोर टिकत नाही. सी. एस. लुईस यांनी १९४० मध्ये वेदनेच्या प्रश्नावर तर्कशुद्ध पुस्तक लिहिलं होतं. १९६० मध्ये पत्नी कर्करोगाने गेली, तेव्हा त्यांनी दुसरं पुस्तक लिहिलं, तेही टोपणनावाने. त्यात राग आहे, शंका आहे, बंद दारावर धडका आहेत. श्रद्धा त्यांनी सोडली नाही, पण पहिल्या पुस्तकातला ठामपणा दुसऱ्यात नाही.

ख्रिस्ती विचार शेवटी ज्या ठिकाणी येऊन उभा राहतो, ते ठिकाण म्हणजे वधस्तंभ. दुसऱ्या महायुद्धात हॅम्बुर्गवरच्या बॉम्बवर्षावात शेजारी उभा असलेला मित्र मरताना पाहिलेला युर्गन मोल्टमान पुढे ब्रिटिशांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत बायबल वाचू लागला. देवाने आपल्याला का टाकलं, असा येशूचा वधस्तंभावरचा आक्रोश वाचताना त्याला वाटलं, मला समजून घेणारा कोणी तरी इथे आहे. १९७२ मध्ये त्याने लिहिलेल्या ग्रंथाचा गाभा हाच: देव दुःखापासून लांब बसलेला नाही, त्याने ते स्वतः सोसलं आहे. यातून ‘का’चं उत्तर मिळत नाही, हे मान्य करावं लागतं. मेलेल्या मित्राच्या, लाजरच्या थडग्याशी येशू रडला. त्याला पुन्हा उठवणार आहोत हे ठाऊक असूनही रडला. शोक करणाऱ्याला ‘रडू नकोस, देवाची इच्छा’ म्हणून गप्प करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

रडण्याला आणि तक्रारीला पवित्र शास्त्रात हक्काची जागा आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, दिलाशाची एक ओळ त्यात नाही. ज्यांनी स्तोत्रांचा संग्रह केला त्यांनी ते गाळलं नाही. दर फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला दूरदूरहून माणसं येतात. दुखणी, नोकरी, मूल होणं न होणं, घरातलं व्यसन, सगळं गाऱ्हाणं घेऊन येतात. मेणबत्ती लावणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात. तिथे कोणी इरेनियसचा सिद्धान्त ऐकायला येत नाही. आपलं ऐकणारा कोणी आहे, या भरवशावर ते येतात.

आता पुन्हा रमाबाईंकडे. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळलं, तेव्हा त्या पुण्यात शारदा सदन ही विधवांसाठीची संस्था चालवत होत्या. हाताशी पैसा नव्हता. आपली भूक त्यांना आठवली आणि त्या निघाल्या. दुष्काळी छावण्यांतली दशा त्यांनी लिहून ठेवली आहे: उघड्यावर पडलेली मुलं, मुलींवर टपलेले दलाल. तीनशे मुली वाचवायच्या, असा निर्धार त्यांनी केला. तेवढ्यात पुण्यात प्लेग आला, नव्या मुलींना शहरात ठेवता येईना, मग केडगावच्या शेतजमिनीवर त्यांची सोय झाली. पुढे मुक्ती सदन म्हणून ओळखली गेलेली संस्था ती हीच. वाचवलेल्यांपैकी पुष्कळ मुली अशक्तपणाने दगावल्याच. प्लेगच्या सरकारी इस्पितळांत बायकांचे हाल होतात म्हणून १८९७ मध्ये रमाबाईंनी वृत्तपत्रात खरमरीत पत्र लिहिलं. देवावर श्रद्धा ठेवायची म्हणजे माणसांच्या अन्यायापुढे मान तुकवायची, असं त्यांना कधी वाटलं नाही. गुजरातच्या दुष्काळानंतर १९०० च्या सुमारास केडगावला जवळपास दोन हजार मुली-बायका राहत होत्या. विणकाम, तेलघाणा, छापखाना, अंधांसाठी ब्रेल, सगळं तिथे सुरू झालं.

दुःखाने त्यांचा पिच्छा सोडला नाही. त्यांच्यानंतर संस्था सांभाळेल अशी एकुलती एक मुलगी मनोरमा २४ जुलै १९२१ ला वारली. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीक मुळावरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, कान आधीच मंद झाले होते. ५ एप्रिल १९२२ ला त्यांचं निधन झालं. संपूर्ण भाषांतर त्यानंतर केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडलं, ईयोबाच्या पुस्तकासह. केडगावची संस्था आजही चालू आहे आणि निराधार मुली, अंध व एकट्या स्त्रिया तिथे राहतात.