हुनर आहे, पण शिक्का?

आपली मुले उस्तादाच्या हाताखाली सुतारकाम, नळजोडणी शिकतात. हात तयार होतो; पण दाखला नसल्याने पुष्कळदा बिगाऱ्याच्याच रोजावर राहतात. गिरणीचा शिक्का नसलेल्या ताक्याचा भाव आपणही पाडतोच ना? आयटीआयमध्ये प्लंबर व सुतार हे अभ्यासक्रम १ वर्षाचे, वायरमनचा २ वर्षांचा. तिन्हींना ८वी पास चालते. इलेक्ट्रिशियनला मात्र १०वी लागते. पुढे १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली उमेदवारी करावी. तिथे करार लेखी असतो, त्याची नोंद होते व दरमहा विद्यावेतन मिळते. मात्र करारात तशी अट असेल तरच उमेदवारीनंतर नोकरी देणे मालकाला बंधनकारक असते. तेव्हा सही करण्यापूर्वी करार नीट वाचून घ्यावा.