खरजेचा किडा आणि टाचणीचं टोक

होस्टेलवर राहिलेल्यांना खरूज म्हणजे काय हे सांगायला नको. एकाला झाली की बघता बघता अख्खी विंग खाजवत बसते. मग जो तो डॉक्टर! कुणी म्हणतो मेसचं तेल, कुणी म्हणतो पाणी, आणि एखादा हमखास म्हणतो, "रक्त बिघडलंय." हे रक्त बिघडण्याचं प्रकरण आलं कुठून म्हणून मी वाचायला घेतलं, तर युरोपातले नामांकित डॉक्टरसुद्धा पार एकोणिसाव्या शतकापर्यंत हेच म्हणत होते, असं कळलं.

खरं कारण म्हणजे एक माइट, गोचिडीचा भाऊबंद. मादी जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटर. ती कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणत जाते आणि मागे अंडी घालत जाते.

गंमत अशी की हे १६८७ मध्येच सापडलं होतं. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात बोनोमो नावाचा डॉक्टर आणि चेस्तोनी नावाचा औषधविक्रेता यांनी पाहिलं, की गरीब बायका आपल्या खरूज झालेल्या पोरांच्या कातडीतून टाचणीने काहीतरी बारीक काढतात. दोघांनी ते मायक्रोस्कोपखाली धरलं, चित्र काढलं, अंडीही पाहिली. त्यावर पत्र छापलं गेलं. पण मोठ्या वैद्यांना ते पटलं नाही आणि प्रकरण मागे पडलं.

पुढे लंडनमध्ये रॉबर्ट विलनने १७९८ पासून त्वचारोगांवरचं आपलं पुस्तक भागाभागाने काढायला सुरुवात केली. त्याआधी नावांचा नुसता गोंधळ होता. एकाच रोगाला अनेक नावं आणि एकाच नावाखाली अनेक रोग! विलनने डोळ्यांना जे दिसतं त्यावरून आठ गट पाडले: पुरळ, खवले, फोड, डाग वगैरे. मला तर तो डॉक्टरीत गेलेला इंजिनिअरच वाटतो. आधी व्याख्या पक्क्या करा, मग बोला. त्याचे कितीतरी शब्द डॉक्टर आजही वापरतात. पण नुसतं दिसण्यावर गेलं की कारण हातातून निसटतं. त्याच्या यादीत खरूज 'पुवाळलेल्या पुळ्यां'मध्ये जाऊन बसली.

आणि पॅरिसमध्ये किडा शोधणारेही पुळीतच शोधत होते! तिथलं सेंट लुई हॉस्पिटल म्हणजे त्वचारोगांची पंढरी. आलिबेर हे तिथले मोठे प्रोफेसर. तिथल्याच गालेस नावाच्या औषधनिर्मात्याने १८१२ मध्ये पुळ्यांमध्ये शेकडो किडे सापडल्याचं जाहीर केलं. इतरांना मात्र एकही सापडेना. शेवटी रास्पाईने दाखवून दिलं, की गालेसच्या चित्रातला किडा चक्क चीजमध्ये होणारा आहे. झालं! खरजेला किडाबिडा काही नसतो, असं म्हणणाऱ्यांचं फावलं.

१८३४ च्या ऑगस्टमध्ये याच हॉस्पिटलात रेनुची नावाच्या विद्यार्थ्याने डॉक्टरांसमोर सुईच्या टोकावर जिवंत किडा काढून दाखवला. विद्यार्थ्याने बरं का, प्रोफेसरने नाही! तो कॉर्सिका बेटावरचा. तिकडच्या बायका हे काम करताना त्याने पाहिलं होतं. त्याने पुळीला हातच लावला नाही. पुळीपासून निघालेली बारीक रेघ म्हणजे बोगदा, आणि किडा असतो त्याच्या दुसऱ्या टोकाला. सर्किटमध्ये फॉल्ट एकीकडे आणि प्रोब भलतीकडे, अशी इतकी वर्षं गत होती.

तरीही 'किडा आहे, पण तो रोगामुळे होतो' असं म्हणणारे उरलेच. त्यांना उत्तर दिलं व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्राने. त्याने किडे स्वतःच्याच अंगावर सोडून घेतले आणि खरूज ओढवून घेतली. १८४४ मध्ये त्याने ठामपणे लिहिलं, की कारण किडाच, आणि तो बाहेरून मारला की रोग बरा होतो. रक्त शुद्ध करायची गरज नाही.

उपचार आजही त्याच मार्गाने चालतो. डॉक्टरांनी दिलेलं पर्मेथ्रिन क्रीम मानेपासून तळव्यापर्यंत लावायचं, कपडे-चादरी गरम पाण्यात धुवायच्या, आणि हे सगळं रूममधल्या सर्वांनी एकाच दिवशी करायचं. ज्याला खाज नाही त्यानेसुद्धा, कारण पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायलाच चार ते सहा आठवडे लागतात.