कडब्याच्या गंजीची आग : धार की फवारा?

सुगी संपली की वर्षाची वैरण गंजीच्या रूपाने खळ्याशेजारी उभी राहते. ती जळाल्यास पावसाळ्यापर्यंत जनावरे कशी जगवावी, असा बिकट प्रश्न उभा राहतो. अशा वेळी पाणी किती ओतले, इतकेच ते कोणत्या रूपाने पडले, यालाही महत्त्व असते. याबाबतीत अग्निशामक दलाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे.

दलाच्या नळीची तोटी फिरविली म्हणजे त्याच पाण्याची सलग धार, अरुंद फवारा किंवा रुंद फवारा करता येतो. सलग धार दूर पोचते, वाऱ्याने फारशी विखुरत नाही आणि जळत्या पदार्थात खोल शिरते. फवाऱ्याचा पल्ला कमी असतो. परंतु बारीक थेंबांमुळे पाण्याचा पृष्ठभाग वाढून ते उष्णता झपाट्याने शोषते. एक किलो पाणी ३० अंशांपासून १०० अंश सेल्सियसपर्यंत तापण्यास सुमारे ७० किलोकॅलरी उष्णता लागते. त्याची वाफ होण्यास आणखी सुमारे ५४० लागतात. वाफ न होता वाहून गेलेले पाणी त्यामानाने फारच थोडी उष्णता नेते. रुंद फवाऱ्याचा जवानांना आडोसाही होतो.

गंजीवर जवळून जोराची धार मारल्यास पेटता कडबा उधळून शेजारच्या गंजीवर वा गोठ्यावर पडतो. यास्तव ज्वाळा प्रथम फवाऱ्याने दाबाव्या. घट्ट रचलेल्या कडब्यावरून पाणी ओघळून जाते व वरून विझलेली गंजी आत धुमसत राहते. म्हणून कडेने दाताळ्याने थर उलगडून एकेक थर भिजवावा. गंजीवर मात्र चढू नये. ती आतून जळून पोकळ झालेली असू शकते.

फळबागेतील फवारणी यंत्राच्या बंदुकीनेही धार व फवारा दोन्ही करता येतात. टाकीत औषध नसून स्वच्छ पाणी असावे. या यंत्राचे पाणी थोडे असल्याने आरंभीच्या लहान आगीपुरताच त्याचा उपयोग होतो.

विजेच्या तारा जवळ असल्यास प्रथम प्रवाह बंद करवावा. पाण्याच्या धारेतून विजेचा धक्का बसण्याचा संभव असतो. पेटलेल्या डिझेलवर धार मारू नये, तेल पसरते. त्यावर माती टाकावी. आग दिसताच १०१ क्रमांकावर कळवावे व बंब येईल त्या वाटेवर माणूस उभा करावा.

तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. उन्हाळ्यापूर्वीच गंज्यांमध्ये व गोठ्यापासून पुरेसे अंतर ठेवावे आणि नळी, तोटी व दाताळे हाताशी असू द्यावी.