पाऊस कुठे चाललाय?

संध्याकाळी आंबिवली स्टेशनवर उभं राहून नुसतं ऐकलं, तरी भविष्यकाळाचे किती प्रकार कानावर पडतात बघा. भोंग्यातून घोषणा होते ती 'येणाऱ्या' गाडीची. इंडिकेटर वाचून कुणीतरी सांगतं, "आधी टिटवाळा आहे, मग कसारा येणार आहे." एक काका फोनवर घरी कळवत असतात, "आठपर्यंत येईन." आणि शहाडच्या बाजूला गाडीचा दिवा दिसला रे दिसला, की पिशव्या उचलत सगळे म्हणतात, "आली, आली!" गाडी अजून प्लॅटफॉर्मला लागलेलीसुद्धा नसते, तरी 'आली'!

येईन, येणार आहे, आली. गोष्ट पुढेच घडायची आहे, पण ती किती जवळ आलीय हे क्रियापदाच्या रूपावरून कळतं. माणसांना हा फरक बोलून दाखवायची फार हौस असते. जगभरच्या भाषांनी त्यासाठी आपापल्या युक्त्या शोधल्या आहेत. त्यातली फ्रेंच भाषेची युक्ती मला सगळ्यात आवडते, म्हणून आज तिच्याबद्दल.

फ्रान्समधल्या एखाद्या स्टेशनवर गाडी जवळ आली, की भोंग्यातून जे वाक्य येतं त्याचा गाभा असा असतो: "ल् त्रें व्हा आंत्रे आं गार." 'त्रें' म्हणजे ट्रेन, 'गार' म्हणजे स्टेशन, 'आंत्रे' म्हणजे आत शिरणं. आणि मधला तो छोटासा 'व्हा'? त्याचा अर्थ 'जाते'. शब्दाला शब्द लावला तर वाक्य होतं, 'गाडी स्टेशनात शिरायला जाते'. फ्रेंच माणसाला मात्र त्यातून ऐकू येतं, 'गाडी स्टेशनात शिरणार आहे'. या काळाला ते 'फ्यूत्यूर प्रोश' म्हणतात, म्हणजे जवळचा भविष्यकाळ.

तो तयार करायला फार थोडं लागतं. 'जाणं' या अर्थाचं फ्रेंच क्रियापद आहे 'आले'. त्याची वर्तमानकाळाची रूपं पाठ करायची: ज् व्हे (मी), त्यू व्हा (तू), इल् व्हा (तो), एल् व्हा (ती), नूझ् आलों (आम्ही), व्हूझ् आले (तुम्ही), इल् व्हों (ते). त्यापुढे जे करायचंय त्याचं क्रियापद, जसंच्या तसं, मूळ रूपात ठेवायचं. 'मांजे' म्हणजे जेवणं, 'दॉर्मीर' म्हणजे झोपणं, 'पार्तीर' म्हणजे निघणं. मग 'ज् व्हे मांजे', मी जेवणार आहे. 'त्यू व्हा दॉर्मीर', तू झोपणार आहेस. 'इल् व्हों पार्तीर', ते निघणार आहेत. झालं!

आता मराठी वाक्यांकडे पुन्हा एकदा नीट बघा. जेवणार आहे, जेवणार आहेस, जेवणार आहेत. मुलगा असो, मुलगी असो, एक असो की दहा असोत, 'जेवणार' तसाच राहतो. बदलतं ते 'आहे'. फ्रेंचमध्येही 'मांजे' जागचा हलत नाही, 'व्हे-व्हा-व्हों' तेवढे बदलतात. नकार देतानाही तेच. आपण 'जेवणार नाही' म्हणतो तेव्हा 'आहे'च्या जागी 'नाही' येऊन बसतं, 'जेवणार'ला धक्का लागत नाही. फ्रेंच लोक 'न्' आणि 'पा' असे दोन तुकडे घेऊन त्यांच्यामध्ये 'व्हे' पकडतात: 'ज् न् व्हे पा मांजे'. 'मांजे' बाहेरच, निवांत. दोन्ही भाषांत सगळी धावपळ वर्तमानकाळातल्या शब्दाच्या वाट्याला येते; मराठीत तो शब्द शेवटी येतो, फ्रेंचमध्ये आधी. पण काम एकच.

रूपं वाचताना एक गंमत तुमच्या लक्षात आली असेल. 'व्हे, व्हा, व्हों' एका जातीचे दिसतात आणि 'आलों, आले' भलत्याच जातीचे. खरंच ती वेगवेगळ्या घराण्यांतली आहेत. 'व्हा' आला लॅटिनमधल्या एका क्रियापदातून, 'आलों' दुसऱ्यातून, आणि साध्या भविष्यकाळात हेच क्रियापद 'इरे' होतं, ते तिसऱ्यातून. हसू नका, आपल्याकडेही तसंच आहे. 'मी जातो' आणि 'मी गेलो' यांत कुठे साम्य दिसतं? 'जा' आला संस्कृतमधल्या 'या' धातूपासून, आणि 'गेला' आला 'गम्' धातूच्या 'गत'पासून. सारखे वापरले जाणारे काही शब्द असे तुकडे जोडून तयार झालेले असतात, आणि सारखे वापरले जातात म्हणूनच ते तसे टिकतात. (फ्रेंच 'आलों' आणि आपलं 'आलो' यांचं मात्र काही नातं नाही. तो निव्वळ योगायोग.)

आता खरा प्रश्न. 'जाणं' या शब्दातून भविष्यकाळ निघाला कसा?

कल्पना करा, काही शतकांपूर्वी फ्रान्समधला एखादा शेतकरी म्हणतोय, 'मी जेवायला जातो'. तेव्हा तो खरोखर चालत निघालाय. पण चालणं आत्ता आहे आणि जेवणं पुढे, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. हजारो माणसं, शेकडो वर्षं असं बोलत राहिली. हळूहळू ऐकणाऱ्याचं लक्ष चालण्यावरून उडालं आणि 'पुढे' एवढंच उरलं. मग बसल्या जागी जेवणारा माणूसही 'ज् व्हे मांजे' म्हणू लागला.

शब्दातलं चालणं खरंच संपलंय का, हे तपासायची एक छान परीक्षा आहे: ज्याला पाय नाहीत त्याच्याबद्दल बोलून बघायचं. फ्रेंच माणूस आभाळाकडे बघून म्हणतो, 'इल् व्हा प्लव्वार'. अक्षरशः पाहिलं तर 'पाऊस पडायला जातो'. पण पाऊस कुठेच चाललेला नाही! म्हणजे 'व्हा'मधलं चालणं संपलं. मराठीत करून बघा. 'मी जेवायला चाललोय' अगदी बरोबर. 'पाऊस पडायला चाललाय' म्हटलं तर आजी तुमच्याकडे बघतच राहील. म्हणजे आपलं 'चाललोय' अजून खरोखर चालतंय. याहून मोठा पुरावा हवा असेल तर 'ज् व्हे आले' हे वाक्य घ्या. मी जाणार आहे. यात 'जाणं' दोनदा आलंय. दुसरं खरं जाणं, पहिलं नुसता भविष्यकाळ.

आणि 'जवळचा' म्हणजे किती जवळचा? पाच मिनिटं? एक दिवस? इथे घड्याळ कामाचं नाही. एखाद्या ताईला बाळ 'होणार आहे' म्हटलं की तुम्हाला लगेच कळतं, ती गरोदर आहे. 'होईल' म्हटलं तर ती नुसती आशा, कधीतरी. फ्रेंचमध्येही अगदी हाच फरक आहे: 'एल् व्हा आव्वार' म्हणजे होणार आहे, 'एल् ओरा' म्हणजे होईल. बाळ यायला सहा महिने असले तरी 'व्हा'च, कारण त्याची खूण आज दिसतेय. काळे ढग दिसले की 'व्हा'. बॅग भरून झाली की 'व्हा'. 'येणार आहे'मध्ये आपण 'आहे' घालतो, तिथे फ्रेंच लोक 'व्हा' घालतात, आणि दोन्ही शब्द वर्तमानकाळाचे. पुढच्या गोष्टीचं एक टोक आजच्या दिवसाला बांधलेलं असतं, म्हणून ती जवळची.

हे फार जुन्या लोकांच्याही ध्यानात आलं होतं. संस्कृतचा व्याकरणकार पाणिनी याने 'अष्टाध्यायी'त एक नियम दिलाय: नुकतीच घडलेली किंवा लगेच घडायची गोष्ट वर्तमानकाळाच्या रूपाने सांगितली तरी चालते. 'निघतोच' म्हणून अजून बूट शोधणाऱ्या दादाला पाणिनीचा पाठिंबा आहे! मराठी तर आणखी पुढे गेली. आईने हाक मारली की आपण खेळ न सोडताच ओरडतो, 'आलोच!' हे रूप भूतकाळाचं. गोष्ट इतकी जवळ आणायची, की ती झालीच असं सांगून टाकायचं. फ्रेंच लोक अशा वेळी 'जॅरीव्ह' म्हणतात, म्हणजे 'पोचतो', वर्तमानकाळावरच थांबतात.

'जाणं' वापरून भविष्यकाळ करणारे फ्रेंच लोक एकटे नाहीत. इंग्रजी, स्पॅनिश, पोर्तुगीज या भाषाही तेच करतात. पण मुख्यतः स्पेनच्या पूर्व भागात बोलली जाणारी कातालान भाषा 'जाणं' आणि मूळ क्रियापद जोडून चक्क भूतकाळ करते! तिथे 'मी गायला जातो' अशा घडणीच्या वाक्याचा अर्थ 'मी गायलो'. त्याच विटा, घर उलट्या दिशेला तोंड केलेलं.

आणि आता आपल्या माणसांकडे येऊ. 1834 पासून भारतातले मजूर कराराने मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेले. त्यांत कोकणातली मराठी कुटुंबंही होती. त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथे गणपती बसवतात, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, शाळेत मराठी शिकता येते. रोजच्या व्यवहारात मात्र ती बोलतात मॉरिशसची क्रिओल. हे बेट 1810 पर्यंत फ्रेंचांच्या ताब्यात होतं, आणि फ्रेंच शब्दांतूनच ही भाषा घडली. तिच्यात काळासाठी क्रियापदाचं रूप बदलत नाही. आधी एक छोटा शब्द ठेवला की काळ बदलतो. नक्की घडणाऱ्या गोष्टीसाठी 'पू': 'ली पू मांझे', तो जेवणार आहे. खात्री नसेल तर 'आवा': 'ली आवा मांझे', तो जेवेल, बहुधा. हा 'आवा' आला फ्रेंच 'व्हा'मधून. फ्रान्समध्ये जो शब्द 'नक्की, आता होणारच' असं सांगतो, तोच समुद्र ओलांडून मॉरिशसला पोचल्यावर 'बघू, कदाचित' सांगू लागला.