चढणीचे मासे (कृष्णा खोरे)

पावसाळ्याच्या पहिल्या पुरांबरोबर अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध पोहत वरच्या ओढ्यांत, ओहोळांत आणि भातखाचरांत शिरणाऱ्या गोड्या पाण्यातील माशांना चढणीचे मासे असे म्हणतात. ही संज्ञा एका जातीची नसून वर्तनाची आहे. कोकणाच्या काही भागांत यांनाच वलगणीचे मासे म्हणतात. सातारा व सांगली जिल्ह्यांतील कृष्णा खोऱ्यात नदीची पातळी, वेग, तापमान आणि गढूळपणा यांवर या माशांचे प्रजनन व त्यांची मासेमारी अशा दोन्ही गोष्टी अवलंबून असतात.

नदीचे स्वरूप

कृष्णा नदी जुने महाबळेश्वर येथे उगम पावते आणि पाचगणीच्या उत्तरेकडील खोल दरीतून वाईकडे उतरते. पाचगणीच्या पठाराच्या कड्यांवरून या दरीतील धोम धरणाचा जलाशय दिसतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तर थोड्याच अंतरावरील वाईला हजार मिलिमीटरही पडत नाही. त्यामुळे वाईकडील नदीला येणारे पाणी प्रामुख्याने वरच्या डोंगरातले असते. पुढे संगम माहुलीला वेण्णा, कऱ्हाडला कोयना आणि सांगलीजवळ हरिपूर येथे वारणा कृष्णेला मिळते.

उन्हाळ्याच्या अखेरीस वरच्या पात्रात सलग प्रवाह क्वचितच उरतो. मासे खोल डोहांत एकवटतात. या डोहांतून जे मासे वाचतात तेच पुढील पिढीचे जनक ठरतात, म्हणून मे महिन्यातील डोहांची स्थिती जुलैतील प्रजननाइतकीच निर्णायक असते.

पुराचा संकेत

लांबलेले दिवस आणि तापलेले पाणी यांमुळे उन्हाळ्यातच माद्यांच्या पोटात गाभोळी भरू लागते. मात्र अंडी सोडण्याची अखेरची क्रिया बहुतेक कार्प जातींत पुराशिवाय होत नाही. पहिल्या जोरदार पावसाने पाणी एकाएकी थंड व गढूळ होते, त्याचा वेग व त्यातील प्राणवायू वाढतो आणि काठावरची जमीन पाण्याखाली जाते. या बदलांच्या एकत्रित परिणामाने माशाच्या मेंदूतील पीयूष ग्रंथी संप्रेरके स्रवते व मासा चढणीला लागतो.

या संकेताचे महत्त्व मत्स्यसंवर्धनाच्या इतिहासातून स्पष्ट होते. रोहू, कटला व मृगळ हे मासे तळ्यात उत्तम वाढतात, परंतु साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. ती टोचणी म्हणजे एका अर्थी सुईतून दिलेला पूरच होता. हा दिवस भारतात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

सर्वच माशांना पूर मानवत नाही. उत्तर अमेरिकेतील स्मॉलमाउथ बास या प्रसिद्ध गळमाशाचा नर वसंत ऋतूत, पाणी साधारण १५ ते १८ अंश सेल्सिअस झाल्यावर, गोट्यांच्या तळावर खळगा करून घरटे बनवतो व अंड्यांची राखण करतो. त्या काळात लोंढा आला तर घरटे वाहून जाते. कृष्णेत असे पालकत्व करणारा मासा म्हणजे मरळ. तो काठच्या संथ, पाणवनस्पतींच्या जागी घरटे करतो आणि पिलांच्या थव्याबरोबर फिरतो. पिलांचा थवा पाण्याच्या पृष्ठभागावर सहज ओळखू येतो. तो पाहून जाणता कोळी त्याखाली असलेला मोठा मासा पकडतो. त्यानंतर निराधार पिले इतर माशांचे भक्ष्य होतात.

महाशीर

या खोऱ्यातील सर्वांत नावाजलेला मासा म्हणजे दख्खनी महाशीर (टोर खुद्री). विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतील नमुन्यांवरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. महाशीर पावसाळ्यात टप्प्याटप्प्याने अंडी घालतो. अंडी मोठी व जड असून तळाशी जाऊन गोट्यांच्या फटींत बसतात आणि उबायला सुमारे तीन दिवस लागतात. एवढ्या अवधीत स्वच्छ, वाहते पाणी मिळणे आवश्यक असते. वाळू-खडीचा उपसा झालेल्या पात्रात अंड्यांना फटीच उरत नाहीत. उघड्या डोंगरउतारावरून आलेला गाळ अंड्यांवर बसला तर ती गुदमरतात, आणि पाणी अचानक ओसरले तर काठाजवळची अंडी कोरडी पडतात.

धरणांचा परिणाम

उगम आणि वाई यांच्यामध्ये कृष्णेवर बलकवडी व धोम ही दोन धरणे आहेत. धोमची साठवणक्षमता सुमारे १३.५ अब्ज घनफूट आहे. जूनपासून पाणी अडवणे हे धरणाचे कामच असल्याने पहिल्या पुराचा मोठा भाग जलाशयात थांबतो. खालच्या नदीला त्या वेळी केवळ स्थानिक ओढ्यांचे पाणी मिळते. धरण भरत आल्यावर, बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धात, दरवाजे उघडतात. अशा रीतीने माशांना हवा तेव्हा पूर येत नाही आणि अंडी-पिले काठाशी असताना मोठा लोंढा येतो. सिंचनाची गरज वादातीत असली, तरी पाण्याचे हे वेळापत्रक ठरवताना माशांचा विचार झालेला नाही.

जलाशयांत मासेमारी चालते ती मुख्यतः बाहेरून सोडलेल्या बीजावर. मत्स्यबीज केंद्रांतून आणलेली रोहू, कटला व मृगळ यांची बोटुकली दरवर्षी सोडली जातात. या जाती मूळच्या गंगेच्या प्रणालीतील आहेत. त्यांच्यामुळे उत्पादन वाढते, पण स्थानिक माशांच्या घटीची त्यातून भरपाई होत नाही.

कऱ्हाडजवळच्या ब्रिटिशकालीन खोडशी बंधाऱ्यापासून सांगलीकडील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांपर्यंत लहान अडथळेही बरेच आहेत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे पावसाळ्यापूर्वी काढले तर मासा पार जाऊ शकतो. ते काढण्यास उशीर झाला तर चढण तिथेच थांबते.

मासेमारी

पहिल्या पावसाच्या रात्री बत्ती घेऊन ओहोळात व खाचरात उतरणे ही डोंगराळ गावांची जुनी रीत आहे. उथळ पाण्यातला मासा हाताने, काठीने किंवा बांबूच्या सापळ्याने धरला जातो आणि गाभोळीच्या चवीमुळे माद्यांना विशेष मागणी असते. एका मोठ्या मादीबरोबर हजारो अंडी नष्ट होतात. पूर्वी साधने साधी असल्याने बरेच मासे निसटत. मच्छरदाणीच्या बारीक जाळ्याने पूर्ण ओहोळ अडवला किंवा पाण्यात विजेचा धक्का दिला, तर मात्र काहीच निसटत नाही. सुरुंग व विष वापरून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने दंडनीय ठरवले आहे. राज्यातील १ जून ते ३१ जुलै ही सुपरिचित मासेमारीबंदी समुद्रासाठी आहे.

गळाने मासे धरणाऱ्यांना गढूळ पुरात महाशीर क्वचितच लागतो. वाम व शिंगटा हे मात्र वासाने भक्ष्य शोधत असल्याने त्या पाण्यातही गांडुळाला लागतात. महाशीरासाठी पाणी निवळण्याची, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरची, वाट पाहावी लागते.

संरक्षण

काही डोहांत देवस्थानाच्या श्रद्धेमुळे मासेमारी होत नाही. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या सावित्रीच्या खोऱ्यातील वाळणकोंड आणि वैतरणेवरील तिळसे येथील महाशीर अशा रीतीने टिकले आहेत. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महाशीराचे कृत्रिम प्रजनन केले व बोटुकली देशभर पाठवली. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत पूर्वी संकटग्रस्त असलेली ही जात आता किमान चिंतेच्या वर्गात आहे. तथापि कावेरीत सोडलेल्या दख्खनी महाशीराने तेथील मूळचा कुबडवाला महाशीर मागे हटवला असे संशोधकांना आढळले, आणि २०१८ मध्ये त्या दुसऱ्या जातीची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.