जहांगीराच्या छावणीतील इंग्रज पाद्री

नगरच्या भुईकोट किल्ल्याच्या पूर्वेतिहासासाठी आपण फारसी तवारिखा पाहतो, पोर्तुगीजांचे दफ्तर पाहतो; परंतु हा किल्ला हस्तगत करण्यासाठी उत्तरेचा बादशहा जातीने मांडूपर्यंत चालून आला, तेव्हा त्याच्या छावणीत वावरलेल्या एका अँग्लिकन धर्मोपदेशकाने काय लिहून ठेवले आहे, इकडे मात्र आपली दृष्टी क्वचितच वळते. एडवर्ड टेरी हे त्याचे नाव.

टेरीचा जन्म १५९० सालचा, इंग्लंडातील केंट परगण्यातला. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमधील अध्ययन संपवून तो १६१६ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या ताफ्यावर धर्मोपदेशक म्हणून चढला. वाटेत एका प्रचंड पोर्तुगीज जहाजाशी झालेल्या झुंजीत ताफ्याचा सरदार बेंजामिन जोसेफ कामास आला. सप्टेंबरात उरलेली मंडळी सुरतेजवळच्या सुवाळी बंदरी लागली. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो याचा धर्मोपदेशक जॉन हॉल नुकताच अजमेरास वारला होता. त्या रिकाम्या जागी टेरीची नेमणूक झाली.

बादशहा मांडूस का आला, हे नगरकरांना सांगण्याचे खरे तर प्रयोजन नाही. चांदबिबीच्या अंतानंतर १६०० साली मोगलांनी घेतलेला किल्ला निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर याने दहाएक वर्षांत परत जिंकला होता आणि त्याचा बंदोबस्त करण्यास निघालेल्या शाहजादा खुर्रमास पाठबळ म्हणून जहांगीराने माळव्यात तळ दिला होता. १६१७ साली अंबराने बालाघाटचा मुलूख व नगरचा किल्ला सोडण्याचे कबूल केले. ऑक्टोबरात परतलेल्या पुत्रास बापाने शाहजहान हा किताब आणि तीस हजारी मनसब बहाल केली. हे सारे घडत असता टेरी रोच्या परिवारात होता.

परंतु राजकारणाचा धागा हवा असेल त्याने रोचीच रोजनिशी वाचावी. टेरीचे मोल निराळे आहे : वकिलाला दरबारातील मानापमानांपुढे जे दिसले नाही, ते या सत्तावीस वर्षांच्या तरुणाने पाहिले. ओसाड मशिदींचे व मकबऱ्यांचे ते मांडू, लाखो माणसांच्या लष्करास तेथे पडलेला पाण्याचा तुटवडा, मातीच्या घरांतील हिंदी चाकरांची इमानदारी, हे सर्व त्याने टिपले. बादशहाचा दरबारी असफखान याच्या मेजवानीत यजमानापेक्षा रोपुढे दहा पदार्थ अधिक आणि आपल्यापुढे दहा कमी मांडले होते, तरी आपल्या वाट्याला पन्नास आले, असा चोख हिशेब तो देतो. रंगीत भाताचे आणि कांदे, आले, तूप घालून शिजविलेल्या मांसाचे त्याचे वर्णन तर एखाद्या खवय्यास शोभावे असे आहे. पायी हिंदुस्थान गाठणारा विक्षिप्त टॉम कोर्यट मांडूस त्याच्याच बिऱ्हाडी राहत होता. वकिलाच्या घरच्या एका तोंडाळ परटिणीला तिच्याच बोलीत शिव्या देऊन त्याने सकाळी आठापूर्वी निरुत्तर केले, हा प्रसंग टेरीने लिहिला नसता तर कोर्यटविषयीचे आपले ज्ञान बरेच नीरस झाले असते. त्याच कोर्यटचा डिसेंबर १६१७ मध्ये सुरतेस अंत झाला. पुढल्या वर्षी अहमदाबादेत रोगाची साथ इंग्रजांच्या बिऱ्हाडातही शिरली. नऊ दिवसांत सात माणसे गेली.

१६१९ साली रोबरोबर टेरी स्वदेशी परतला आणि १६२२ साली युवराज चार्ल्सला त्याने आपले टिपण अर्पण केले. १६२५ साली सॅम्युएल पर्चासने ते आपल्या प्रवाससंग्रहात संक्षेपाने छापले. १६२९ पासून लंडनजवळच्या ग्रेट ग्रीनफर्ड गावी टेरी पाद्री राहिला आणि १६६० साली मरण पावला. मात्र १६५५ साली त्याने मूळ टिपण फुगवून स्वतंत्र ग्रंथ केला, तेव्हा प्रवासी मागे पडून प्रवचनकार पुढे आला, पानोपानी उपदेश! तथापि त्या उपदेशाचा रोख बहुधा स्वधर्मीयांवरच आहे. मुसलमानांचा नमाजाविषयीचा कटाक्ष त्यांच्यापुढे ठेवून तो त्यांना लाजवितो. ख्रिस्ती म्हणविणारे लोक दारू पितात, मारझोड करतात, असा सुरतेच्या बाजूस ऐकू येणारा ठपकाही तो दडवीत नाही. कंपनीच्याच पगारावर हिंदुस्थान पाहिलेल्या धर्मोपदेशकाने हे छापावे, यात मला त्याचा प्रामाणिकपणा दिसतो.

१६६५ साली हा ग्रंथ इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले याच्या प्रवासवर्णनाच्या इंग्रजी भाषांतराबरोबर पुन्हा निघाला, १७७७ साली आणखी एकदा. १९२१ साली संपादक विल्यम फॉस्टरने आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहासाठी मात्र पर्चासची संक्षिप्त संहिता घेतली आणि मोठ्या ग्रंथातील निवडक मजकूर तिला जोडला. प्रवचने तेवढी गळाली.