मागे पडली म्हणजे आळशी झाली का?

सायकलीवरचा कार्यक्रम झाला त्यानंतर बोदवडजवळच्या एका गावातून एका आईचा निरोप आला. तिची मुलगी अकरावीला आहे आणि माउंटन बाइकच्या शर्यतीची तयारी करते. आई सांगत होती, पहिले दोन महिने पोरगी वाऱ्यासारखी जायची. आता तिच्याहून लहान मुली पुढे निघून जातात. एका शर्यतीतून तर ती अर्ध्यातूनच परत आली. घरचे म्हणतात, आळशी झाली, सायकल बंद करा. काय करावं?

ही अडचण एका घरची नाही. धावणाऱ्या, कबड्डी खेळणाऱ्या, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींच्या घरीही हेच बोललं जातं. म्हणून आज जरा सविस्तर बोलू.

आधी हा खेळ काय आहे ते बघू. माउंटन बाइक म्हणजे जाड, खाचाखाचांच्या टायरची, मजबूत सांगाड्याची सायकल. पुढच्या चाकाला दणका सोसणारे शॉकअप आणि चढासाठी हलके गिअर. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात 1970 नंतरच्या दशकात काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून शर्यती लावायचे, तिथून हा खेळ वाढला. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा आला आणि त्याच वर्षी पुरुषांची व बायकांची अशा दोन्ही शर्यती झाल्या. रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत मात्र पुरुष 1896 पासून होते आणि बायकांना 1984 उजाडावं लागलं. अठ्ठ्याऐंशी वर्षं! आपल्याकडे संगमनेरच्या प्रणिता सोमण यांनी माउंटन बाइकच्या राष्ट्रीय स्पर्धांत पदकं मिळवली आहेत. संगमनेर काही परदेशात नाही.

या शर्यतीचा रस्ता डांबरी नसतो. दगड, मुरूम, चढ, उतार, ओढा, असा फेरा ठरवलेला असतो आणि तोच पुन्हापुन्हा मारायचा असतो. मोठ्या स्पर्धांत बायकांची अशी शर्यत साधारण दीड तास चालते. आपल्या भागात सरावाला जागा शोधावी लागत नाही. शेताकडचे गाडरस्ते आहेत, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आहेत, उत्तरेला रावेरच्या पुढे पालकडचा सातपुडा आहे. फक्त पावसाळ्यात काळ्या मातीत सायकल घालू नये. चाकाला असा चिखल धरतो की सायकल खांद्यावर घेऊन घरी यावं लागतं.

आता मूळ प्रश्न. सराव करूनही माणूस मागे का पडतं?

आपल्याला वाटतं, जितकी मेहनत तितकी ताकद. शरीराचा हिशोब तसा चालत नाही. चढावर जोर लावला की मांडीच्या स्नायूंचे बारीक बारीक धागे दुखावतात, स्नायूंत साठवलेली साखर संपते, घामातून पाणी आणि मीठ जातं. म्हणजे मेहनत संपते त्या घडीला शरीर आधीपेक्षा कमजोर झालेलं असतं. ताकद वाढते ती नंतर, झोपेत आणि जेवणातून. दुखावलेले धागे भरून येतात तेव्हा थोडे जास्त मजबूत होतात. संपलेली साखर पुन्हा भरायला पोटभर जेवूनही जवळजवळ एक दिवस लागतो. ती भरायच्या आत पुन्हा तितकाच जोर लावला, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, तर खड्डा भरतच नाही. महिना-दोन महिने शरीर ओढून नेतं आणि मग बसतं. दरवर्षी तेच पीक घेऊन खत न घातलेल्या वावरासारखं. पहिल्या वर्षी कळत नाही.

म्हणून जाणते खेळाडू आठवड्यातून दोन-तीनच दिवस जोराचा सराव करतात. बाकीचे दिवस गप्पा मारता येतील इतक्या सावकाश वेगाने चालवतात आणि एक दिवस सायकलीला हात लावत नाहीत. दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा हलका ठेवतात. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात तर चालवणं निम्म्यावर आणतात. घरच्यांना नेमका तेव्हाच संशय येतो, की शर्यत तोंडावर आली आणि ही बसून राहिली.

मोठमोठ्यांनाही माघार घ्यावी लागते, हेही सांगायला हवं. अमेरिकेत ‘रेस अक्रॉस अमेरिका’ नावाची शर्यत होते. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे 4,800 किलोमीटर. ती डोंगरी सायकलची शर्यत नाही, रस्त्यावरची आहे, पण वाटेत वाळवंट आहे आणि रॉकी पर्वताचे घाटही आहेत. एकट्याने करणाऱ्याला ती 12 दिवसांत संपवावी लागते. 2015 मध्ये नाशिकच्या महेंद्र आणि हितेंद्र महाजन या दोन डॉक्टर भावांनी दोघांचा संघ करून आळीपाळीने चालवत ती 9 दिवसांच्या आत पूर्ण केली. नाशिकमध्ये राहणारे लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ 2016 मध्ये एकट्याने उतरले, पण त्यांना ती पूर्ण करता आली नाही. पुढच्या वर्षी ते पुन्हा गेले आणि 11 दिवस 18 तास 45 मिनिटांत पोचले. त्याच वर्षी नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ त्यांच्यामागून अडीच तासांच्या आत पोचले. हे सगळे हौशी खेळाडू. पोट डॉक्टरकीवर आणि सायकल त्यातून वेळ काढून. 2021 मध्ये तर ही एकट्याने करायची शर्यत कॅनडाच्या लिआ गोल्डस्टीन या बाईने पुरुषांसकट सगळ्यांच्या आधी संपवली. त्या वर्षी तिथे भयंकर उष्म्याची लाट होती आणि तिचं वय होतं 52.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचं उदाहरण तर आपल्या मुलींना सांगाच. 2018 मध्ये, विसाव्या वर्षी, तिने सायकलवरून जगाला फेरी मारली. 14 देश, सुमारे 29,000 किलोमीटर, 159 दिवस. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं. थांबली, सावरली आणि पुढे निघाली. तेव्हा एका शर्यतीतून परत आली म्हणून कुणाची सायकल काढून घ्यायची गरज नाही.

पण इथे एक फरक आहे आणि आमच्या मते सगळी गोम तिथेच आहे. अमेरिकेतल्या त्या शर्यतीत एकट्याने उतरणाऱ्याच्या मागेही गाडी असते, माणसं असतात. कुणी खायला देतं, कुणी पाणी भरतं, कुणी कधी झोपायचं ते ठरवतं. त्या माणसांशिवाय उतरूच देत नाहीत. आणि आपली मुलगी? पहाटे वीस किलोमीटर चालवून येते आणि हंडा उचलते. पंधरा लिटरचा भरलेला हंडा म्हणजे भांड्याच्या वजनाशिवाय पंधरा किलो. अशा चार खेपा, मग भाकरी, मग शाळा, कापसाच्या दिवसांत सुट्टीला वेचणी, संध्याकाळी पुन्हा भांडी. तिच्या वहीत सराव दीड तास लिहिलेला असतो. शरीराच्या वहीत दिवसभराचं सगळं लिहिलं जातं. वाकून कापूस वेचणं हे पाठीला आणि मांडीला कामच आहे, त्याला सराव म्हणा की मजुरी म्हणा. त्याच घरातला भाऊ क्रिकेट खेळून आला की आडवा होतो आणि त्याला कुणी आळशी म्हणत नाही, हेही जाता जाता सांगून टाकतो.

म्हणून त्या आईला आमचं पहिलं सांगणं असं आहे, की मुलीच्या जोराच्या सरावाच्या दिवशी घरातलं जड काम दुसऱ्या कुणाकडे द्या. वेचणीचा दिवस असेल तर त्या दिवशी सायकल नको, किंवा अगदी हळू. दोन्ही एकाच दिवशी लादून मग वेग मागू नका.

ती खरंच थकली आहे की कंटाळली आहे, हे कसं ओळखायचं? सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठायच्या आधी, मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची आणि वहीत लिहायची. आठ-पंधरा दिवसांत तिचा नेहमीचा आकडा कळतो. तो आकडा सलग दोन-तीन दिवस आठ-दहा ठोक्यांनी वाढलेला दिसला, जोडीला झोप नीट लागत नाही, चिडचिड होते, भूक मेली आहे, तर सराव कमी करायचा. ताप किंवा दुखणं अंगात मुरत असलं तरीही नाडी अशीच वाढते, त्यामुळे दोन दिवस थांबण्यात नुकसान काहीच नाही.

दुसरं कारण रक्ताचं, आणि ते फार मोठं आहे. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54 टक्क्यांहून जास्त जणींत रक्त कमी आढळलं. म्हणजे निम्म्याहून अधिक. रक्तातलं हिमोग्लोबिन फुप्फुसातला प्राणवायू स्नायूंपर्यंत पोचवतं. ते कमी असेल तर घरातल्या कामाला चालून जातं, पण चढावर दम तुटतो. जिद्द कितीही असली तरी तिथे ती उपयोगी पडत नाही. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर रक्त कमी समजतात. तयारी सुरू करायच्या आधी आरोग्य उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ते तपासून घ्यावं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी पोरी दप्तरात टाकतात, कारण मळमळतं. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. सोबत लिंबू चांगलं, चहा नको. चहा गोळीपासून आणि जेवणापासून निदान तासभर लांब ठेवायचा. गोळीने शौच काळी होते, त्यात घाबरण्यासारखं नाही. गूळ-शेंगदाणे जरूर खा, पण नुसत्या गुळाने कमी झालेलं रक्त भरून निघेल, या भरवशावर राहू नका.

तिसरं पोटाचं. सायकल चालवणाऱ्या मुलीला इतरांपेक्षा जास्त खायला लागतं, आणि आपल्याकडे ती सगळ्यांना वाढून शेवटी बसते. खर्च जास्त आणि जेवण कमी असं महिनोनमहिने चाललं की शरीर जिथे जमेल तिथे काटकसर करतं, आणि पाळी तिथेच थांबते. मुली कधी कधी खूश होतात, कटकट गेली म्हणून. ही खुशीची गोष्ट नाही. त्याच काळात हाडं ठिसूळ होत असतात, आणि या वयात हाडांची भर पडली नाही तर ती पुढे भरून काढणं कठीण जातं. पूर्वी नियमित असलेली पाळी तीन महिने आली नाही तर डॉक्टरांना दाखवायचंच.

खायला काही महागडं लागत नाही. डब्यातली पावडर आणायला पैसे घालू नका. आपली कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र, ही स्नायू भरून यायला उत्तम. दोन्हींत एकमेकांची उणीव भरून काढायची सोय आहे. वरण, मेथी, मोड आलेली मटकी, जमल्यास अंडं किंवा दूध. सायकलवर जायच्या आधी एक केळं, आणि केळ्याला तर आपल्या जिल्ह्यात तोटा नाही. परत आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात भाकरी-वरण पोटात जायला हवं. हंडा, भांडी सगळं त्यानंतर.

उन्हाचं वेगळं सांगायला नको, पण सांगतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या आसपास जातो. त्या दिवसांत सराव उजाडायच्या सुमारास संपवायचा. उन्हाची सवय शरीराला दहा-चौदा दिवसांत होते, पण ती थोडी थोडी वाढवत करायची, एकदम भर दुपारी उतरून नाही. तासाभराहून जास्त चालवायचं असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटली बरोबर ठेवावी. चमचा चहाचा, आणि मीठ त्याहून जास्त नको. डोकं दुखलं, अंगावर काटा आला किंवा घाम येणं थांबलं, तर तिथेच सावलीत थांबून अंग ओलं करायचं. बोलण्यात गोंधळ होऊ लागला तर एक मिनिटही न दवडता दवाखाना गाठायचा.

सायकलीचंही थोडं पाहा. पुष्कळदा मुलगी भावाच्या उंच सायकलवर किंवा बसकी सीट ठेवून चालवते आणि गुडघे दुखतात म्हणून मागे पडते. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली आणि पायडल अगदी खाली असलं, तर पाय सरळ व्हायला हवा. तेवढी सीट वर-खाली करायला एक पाना पुरतो. चढ दिसला की हलका गिअर चढ सुरू व्हायच्या आधीच टाकायचा, मध्यात जोर लावून टाकला की चेन उतरते. शर्यतीत पंक्चर झालं तर ते बहुतेक वेळा स्वतःलाच काढावं लागतं, म्हणून ट्यूब बदलायला घरी दहा वेळा तरी हाताने शिकून घ्यावं. एक जादा ट्यूब, हातपंप आणि टायर काढायच्या दोन पट्ट्या बरोबर हव्यातच. आणि हेल्मेट सरावालाही घालायचं, पट्टा हनुवटीखाली बांधून, हँडलला लटकवून नाही.